रक्त थांबल्यावर पेशीत काय घडते?

हृदय अचानक थांबले तर साधारण दहा सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते. मेंदूतील सर्वांत नाजूक चेतापेशींची कायमची हानी मात्र चार-पाच मिनिटांनंतर सुरू होते. रक्तपुरवठा पूर्ण तुटला तरी हृदयाच्या स्नायूपेशी २० ते ४० मिनिटे तग धरतात आणि हातापायांच्या स्नायूंतील पेशी तर काही तास. रक्ताविना राहिलेल्या पेशीला आपण ‘गुदमरली’ असे म्हणतो खरे, पण या शब्दाने थोडी दिशाभूल होते. ऑक्सिजनच्या अभावाने पेशी थेट मरत नाही. त्या अभावामुळे जी कामे बंद पडतात, त्यांच्या परिणामांनी ती मरते, आणि हे परिणाम उमटायला प्रत्येक ऊतीत वेगवेगळा वेळ लागतो.

पेशीची सारी कामे एटीपी या रेणूतील ऊर्जेवर चालतात. ग्लुकोजचा एक रेणू मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील ऊर्जाकेंद्रांच्या मदतीने, ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्णपणे वापरला गेला, तर सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. ऑक्सिजन नसेल तर केवळ दोन, आणि शिवाय लॅक्टिक आम्ल साचत जाते. केवळ ऑक्सिजन कमी पडणे आणि रक्तच न पोहोचणे यांतील फरक इथे महत्त्वाचा ठरतो. पहिल्या स्थितीत रक्त वाहत असते, त्यामुळे ग्लुकोज येत राहते आणि आम्ल वाहून नेले जाते. दुसऱ्या स्थितीत इंधन येणेही थांबते आणि टाकाऊ पदार्थ जागच्या जागी तुंबतात. म्हणूनच रक्तपुरवठा तुटल्याने होणारी इजा अधिक वेगवान आणि अधिक गंभीर असते.

एटीपी आटू लागताच पहिला फटका पेशीपटलावरील सोडियम-पोटॅशियम पंपाला बसतो. हा पंप दर फेरीत सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. तो मंदावला की सोडियम आत साचतो, त्यामागोमाग पाणी शिरते आणि पेशी फुगते. चेतापेशी संदेशवहनासाठी हे पंप अखंड चालवतात आणि त्यांच्याजवळ ऊर्जेचा साठा जवळजवळ नसतो, म्हणून त्या आधी कोलमडतात. विसावलेल्या स्नायूची गरज मुळात कमी आणि त्याच्या गाठीशी ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले ग्लुकोजही असते. इथपर्यंतची इजा भरून येणारी असते. रक्त वेळेत परतले तर सूज उतरते आणि पेशी पूर्ववत काम करू लागते.

न परतण्याची सीमा ओलांडली जाते ती मुख्यतः कॅल्शियममुळे. पेशीबाहेरील कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी जास्त असते आणि हा प्रचंड फरक टिकवण्यासाठीही ऊर्जाच खर्च होत असते. ती संपल्यावर कॅल्शियम आत लोटतो आणि एरवी काटेकोर नियंत्रणाखाली असलेली एन्झाइम जागी करतो: काही पेशीपटलातील मेद तोडतात, काही प्रथिने, तर काही डीएनए. अखेर पटल फाटते आणि आतील द्रव्य रक्तात झिरपते. हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी रक्तात मोजले जाणारे ट्रोपोनिन हे अशाच फुटलेल्या स्नायूपेशींतून आलेले प्रथिन होय.

मग रक्त पुन्हा सुरू केले की प्रश्न सुटला, असे वाटणे साहजिक आहे, पण या विषयातील सर्वांत चकवणारा भाग इथेच आहे. रक्तबंदीच्या काळात मायटोकॉन्ड्रियात सक्सिनेट नावाचा पदार्थ साचलेला असतो. ऑक्सिजन परतताच त्याचे झपाट्याने ज्वलन होते, इलेक्ट्रॉनांचा प्रवाह काही अंशी उलटा फिरतो आणि विध्वंसक मुक्त कणांचा लोंढा तयार होतो. साचलेले आम्लही विचित्र भूमिका बजावते, कारण आम्लतेमुळे मायटोकॉन्ड्रियाच्या पटलातील एक मोठे छिद्र बंद राहत होते; रक्ताने आम्ल धुऊन नेल्यावर ते उघडते आणि तग धरून राहिलेली पेशीही हातची जाते. याचा अर्थ रक्तप्रवाह सुरू करण्यात दिरंगाई करावी असा मुळीच नाही, कारण रक्ताविना तिचे मरण अटळच असते.

पेशींना या संकटाची जणू तालीमही देता येते. १९८६ साली अमेरिकेतील संशोधकांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पाच-पाच मिनिटे चार वेळा बंद करून पुन्हा उघडली आणि त्यानंतर ती सलग ४० मिनिटे बंद ठेवली. आधीच खचलेले हृदय अधिक बिघडेल अशी कोणाचीही अपेक्षा असती; प्रत्यक्षात तालीम न मिळालेल्या हृदयांच्या तुलनेत मृत झालेला भाग सुमारे एक चतुर्थांशच भरला. हे संरक्षण रुग्णांना हमखास मिळवून देणे मात्र अद्याप साधलेले नाही.

त्या मानाने थंडीचा उपाय साधा आणि भरवशाचा आहे. शरीराचे तापमान एका अंश सेल्सिअसने उतरले की चयापचयाचा वेग साधारण सहा ते सात टक्क्यांनी घटतो, एटीपी हळू खर्च होतो आणि वर वर्णन केलेली सारी साखळी लांबते. प्रत्यारोपणासाठी काढलेले मूत्रपिंड, ज्याला देहाच्या उष्णतेत रक्ताविना तासभरही धोक्याचा ठरतो, चार अंशांच्या आसपास थंड द्रावणात ठेवल्यास २४ तासांनंतरही दुसऱ्या शरीरात काम करू शकते.