शेतकरी-मजुरांचा दिनक्रम, मध्ययुगीन व आधुनिक (विदर्भ)

यादवकाळापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वऱ्हाडात जमीन कसणाऱ्या कुणब्याचा दिवस आणि आजच्या शेतमजुराचा दिवस यांची तुलना. मध्ययुगातला शेतकरी आजच्या कामगारापेक्षा जास्त सुट्या भोगत असे, असे हल्ली वरचेवर ऐकू येते. हा समज इंग्लंडमधील मजुरांच्या कामाच्या दिवसांविषयीच्या एका अंदाजावर बेतलेला आहे आणि तो आकडा मांडणाऱ्या अर्थ-इतिहासकाराने पुढे स्वतःच बराच वाढवला. दळण, सरपण, गुरेढोरे ही कामे त्यात धरलेलीच नव्हती. विदर्भात तर सुट्या मोजून काही हाती लागत नाही. कामाचा दिवस कोण ठरवतो आणि कमाई कशात मिळते, हे पाहावे लागते.

वऱ्हाडातील काळी जमीन पावसाच्या भरवशावरची. मृगाआधी जमीन तयार करायला वखरणी, पाऊस पडला की पेरणीची तिफण, मग तण काढायला डवरणी आणि निंदण. ज्वारीत दाणा भरला की माळ्यावर गोफण घेऊन राखण आणि रात्री जागल. खळे उठल्यावर शेत रिकामे होई, माणूस नव्हे. घर शाकारणे, दोर वळणे, लग्ने आणि वर सरकारची वेठ: ओझी वाहायला, किल्ल्याच्या डागडुजीला माणसे फुकट नेत. वेठीचा सर्वांत मोठा भार अस्पृश्य ठरवलेल्या जातींवर पडे. बायकांचा दिवस पहाटे जात्यावरच सुरू होई.

कमाई खळ्यावर दिसे आणि तिथेच वाटली जाई. सुतार, लोहार, चांभार, न्हावी आपापले बलुते उचलत, सरकारसारा वेगळा. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना देशमुख, देशपांडे, पाटील आणि कुलकर्णी या सारावसुली पाहणाऱ्यांच्या नावांची नोंद केली आहे. पुढे साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर (१७२४) निजाम आणि नागपूरकर भोसले दोघांचीही वसुली सुरू झाली, म्हणजे धनी दोन आणि रास एकच. कुणब्याजवळ हत्यार होते ते गाव सोडून जाण्याचे. जमीन मुबलक, कसणारे हात थोडे. त्यामुळे ओस गाव वसवायला सरकारला सवलतीच्या साऱ्याचा कौल, म्हणजे हमी, द्यावा लागे. अर्थात १६३०–३२ सारख्या दुष्काळात जायचे तरी कुठे, हा प्रश्न उरेच.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर हे गणित फिरले. मोजणी होऊन सारा रोखीत ठरला, अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) कापसाला भाव आला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. नगदी पिकाबरोबर सावकार आला आणि जमीन हातची जाऊ लागली.

आजच्या मजुरांत दोन तऱ्हा दिसतात. सालगडी गुढीपाडव्याला वर्षभरासाठी ठरतो. रक्कम, कुठे धान्य आणि पोळ्याला कपडे. त्याच्या कामाला तास नसतात, ओलिताची वीज रात्री आली तर तो रात्री शेतात. रोजंदाराला मात्र घड्याळ आहे. निंदणाचे पैसे दिवसावर, कापूस वेचणीचे किलोवर. वेचणाऱ्या बाया कमरेला जुने लुगडे बांधून ओटी करतात. बोंडाच्या सुक्या टोकांनी बोटे सोलून निघतात आणि सांजेला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वजनकाटा लागतो. हंगामात ऑटोत दाटीवाटीने बसून त्या दुसऱ्या गावीही जातात. सकाळचा स्वयंपाक आणि पाणी त्याआधीच उरकलेले असते, मजुरीत ते आजही धरले जात नाही.

कारखाना कायद्यातील (१९४८) आठवड्याची ४८ तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुटी शेताला लागू नव्हती. त्याच वर्षीच्या किमान वेतन कायद्यात शेती होती, पण बांधावर तो पाळला जातो की नाही हे पाहणारे फारसे कोणी नसे. रिकाम्या महिन्यांवर खरा तोडगा काढला तो महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने (१९७७); केंद्राच्या २००५ च्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. वेठीसारखेच हेही सरकारचे काम, रस्ता नि तलावाचे, मजुरी मात्र हक्काची, मिळायला उशीर झाला तरी.

तरणी पोरे एमआयडीसीत किंवा पुण्याकडे जात असल्याने सालगडी आता सहजी मिळत नाही. पाडव्याच्या बैठकीत आगाऊ उचल किती आणि जागल सालात धरली की वेगळी, हे गडीच आधी विचारतो.