चिखल, दूध आणि कायदे: स्टीव्हनेजमधल्या बालपणाची पार्श्वभूमी

लंडनच्या उत्तरेला, पन्नासेक किलोमीटरच्या आतच स्टीव्हनेज लागतं. तिथं १९५०च्या दशकात वाढलेली माणसं लहानपणाबद्दल बोलू लागली की सगळ्यात आधी चिखल निघतो. घरं उभी राहिली होती, रस्ते व्हायचे होते. शाळेत जायचं ते गमबूट घालून. मग निघतात दुधाच्या बाटल्या, गोळ्या-चॉकलेटं, दिवसभर उंडारणं. ज्याचं त्याचं बालपण असंच असतं, असं ऐकणाऱ्याला वाटतं. इथं मात्र जवळपास प्रत्येक आठवणीमागे एखादा सरकारी निर्णय सापडतो, तोही तारखेसकट.

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी लंडनमधली घरं पडली, आणि जी उभी होती त्यांत दाटी होती. नगररचनाकार पॅट्रिक अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी लंडनच्या १९४४च्या आराखड्यात सुचवलं, की शहराभोवती हिरवा पट्टा राखावा आणि त्याच्या पलीकडे नवी गावं वसवावीत. पंतप्रधान अ‍ॅटली यांच्या मजूर पक्षाच्या सरकारनं १९४६ साली त्यासाठी कायदा केला, आणि ११ नोव्हेंबर १९४६ रोजी पहिलं नाव जाहीर झालं ते स्टीव्हनेजचं. सहा-सात हजार वस्तीच्या जुन्या गावाचं साठ हजारांचं शहर करायचं होतं.

गावकरी खवळले. त्या वर्षीच्या मे महिन्यात नगरनियोजन मंत्री लुईस सिल्किन सभेला आले, तेव्हा त्यांच्या मोटारीची हवा सोडली गेली, पेट्रोलच्या टाकीत वाळू पडली. स्टेशनवरच्या पाटीवर तर कुणी स्टालिनग्राडच्या चालीवर ‘सिल्किनग्राड’ लिहून ठेवलं. विरोधकांचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४७मध्ये सरकार जिंकलं.

विरोधकांत कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरही होते. वयाच्या चौथ्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत ते स्टीव्हनेजजवळच्या एका जुन्या घरात राहिले होते आणि १९४६मध्ये रेडिओवरून या योजनेविरुद्ध बोलले. लंडनकरांना घरं हवीत हे त्यांना कळत होतं. तरी आपल्या लहानपणाचं शिवार मोडणार, हे सोसत नव्हतं. हा सगळा वाद मला म्हणूनच निव्वळ जमिनीचा वाटत नाही. ज्या मातीत एका मुलाचं बालपण होतं, तिथंच हजारो मुलांचं सुरू व्हायचं होतं.

नवी कुटुंबं बहुतेक लंडनहून आली. गावातल्या कारखान्यात किंवा बांधकामावर काम मिळालं की घर मिळायचं. घरातच न्हाणीघर, घरातच संडास, मागे बागेपुरती जागा. लंडनच्या जुन्या गल्ल्यांतून आलेल्यांना ही चैनच होती. बेडवेल, ब्रॉडवॉटर अशा वस्त्या केल्या आणि प्रत्येकीत शाळा, दुकानं, पब ठेवले. एरिक क्लॅक्स्टन या अभियंत्यानं सायकलींसाठी मोटारींपासून वेगळे रस्ते काढले. शहराच्या मध्यावरच्या बाजारपेठेतही मोटारींना मज्जाव होता. १९५९ साली राणीच्या हस्ते त्या बाजारपेठेचं उद्घाटन झालं. मुलं मोकळी हिंडायची, यात आईबापांच्या भरवशाइतकाच नकाशाचाही हात होता.

आजी-आजोबा मात्र मागे लंडनलाच राहिले. तान्ही मुलं कडेवर घेऊन दिवसभर एकट्या पडणाऱ्या आयांच्या उदासीला इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘न्यू टाउन ब्लूज’ असं नाव दिलं. मुलांच्या आठवणींत ही उदासी क्वचितच येते.

गोळ्या-चॉकलेटांची गोष्ट मजेदार आहे. युद्ध संपलं तरी रेशन सुटलं नव्हतं. एप्रिल १९४९मध्ये मिठाई रेशनमधून मोकळी झाली, तर दुकानांवर अशी झुंबड उडाली की चारच महिन्यांत ती पुन्हा रेशनवर आली. ५ फेब्रुवारी १९५३ला ती कायमची सुटली. मांसावरचं रेशन उठायला जुलै १९५४ उजाडला आणि रेशनची पुस्तकं गेली. दूध मात्र शाळेत फुकट होतं: १९४६च्या कायद्यानं प्रत्येक मुलाला रोज एक तृतीयांश पाइंट, म्हणजे साधारण १९० मिलिलिटर. थंडीत ते गोठायचं आणि साय बाटलीचं झाकण वर ढकलायची. उन्हाळ्यात ते कोमट व्हायचं, तेव्हाची चव आजही तोंड वाकडं करून सांगितली जाते. १९७१मध्ये शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी सात वर्षांवरच्या मुलांचं दूध बंद केलं आणि ‘दूध हिसकावणारी’ हे बिरुद त्यांना कायमचं चिकटलं.

अकराव्या वर्षीच्या परीक्षेबद्दल लोक जरा जपून बोलतात. १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झालं, पण ‘इलेव्हन प्लस’ ही परीक्षा पास झालेली थोडी मुलं पुढच्या अभ्यासाकडे नेणाऱ्या ग्रामर स्कूलला जात आणि उरलेली साध्या माध्यमिक शाळेत, म्हणजे सेकंडरी मॉडर्नला. एकाच गल्लीत खेळणारे दोघे सप्टेंबरपासून वेगळ्या गणवेशात दिसू लागत. ज्यांच्या घरात एक भाऊ इकडे आणि एक तिकडे गेला, त्यांना तो दिवस अजून आठवतो.

शहराच्या उत्तर टोकाला फॉर्स्टर यांचं ते घर अजून आहे. आसपासच्या शेतांना आता ‘फॉर्स्टर कंट्री’ म्हणतात, आणि तिथं नवी घरं बांधावीत का, यावरून या शतकातही भांडण झालं.