हेडफोन मे महिन्यात घ्यावा

मागच्या मे महिन्यात अकरावीतला भाचा दोन हेडफोन घेऊन घरी आला. दोन्ही दीड-दोन हजारांतले, दोन्ही अख्खा कान झाकणारे आणि वाटीच्या पाठीमागून बंद. एक मित्राकडून मागून आणलेला, दुसरा दुकानातून 'नाही आवडला तर परत' या बोलीवर. जळगावात पारा ४४ ला टेकला होता आणि कूलर घरघरत होता. "मामा, यातला कोणता घेऊ ते सांग ना." मी म्हटलं, आधी एकेक पाऊण तास डोक्यावर ठेवून बस, मग बोलू. पंचवीस मिनिटांत त्याने पहिला काढून गादीवर टाकला. "मामा, मना कान तपी ग्यात."

निम्मी परीक्षा तिथेच झाली होती. हेडफोनबद्दल बोलताना आपण 'आवाज' आणि 'आराम' असे दोन वेगळे रकाने करतो. उघड्या पाठीच्या हेडफोनात ते काही अंशी चालतं. बंद पाठीच्या, त्यातही स्वस्त हेडफोनात दोन्ही रकाने एकाच वस्तूवर येऊन मिळतात: कानाभोवती बसणारी ती मऊ कडी, म्हणजे पॅड. पॅड नीट बसला नाही तर टोचतो, आणि नीट बसला नाही तर आवाजही बिघडतो.

का, ते सायकलच्या पंपावर कळतं. पंपाच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबा, पण घट्ट नको, जराशी फट ठेवा. आता दांडा सावकाश खाली न्या. हवा अंगठ्याच्या कडेने फुसकन निघून जाते, अंगठ्याला काही जाणवत नाही. तोच दांडा झटक्यात मारा, अंगठा उडतो. फट तेवढीच होती, पण झटक्यात हवेला पळायला वेळ मिळाला नाही. हेडफोनच्या वाटीत हेच चालतं. आत साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा पातळ पडदा असतो. त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात मागे-पुढे होते आणि पडद्याला हलवते. पडदा आणि आपल्या कानाचा पडदा यांच्यात जेमतेम चहाच्या कपाएवढी हवा कोंडलेली असते. खर्जाचे सूर म्हणजे सावकाश मारलेला पंप, सेकंदाला ४०-५० हेलकावे. तार सूर म्हणजे झटका, सेकंदाला हजारो. पॅडखाली फट राहिली की खर्ज त्या फटीतून निघून जातो आणि तार सूर तसेच राहतात. मग आवाज पातळ, कर्कश लागतो, आणि आपण म्हणतो, "बेस नाही रे याला."

बेस असतो, तो गळून गेलेला असतो. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांच्या, सुराची हवेतली एक लाट सुमारे ७ मीटर लांब असते. एवढी लाट मोकळ्या खोलीत उठवायची तर चार सेंटिमीटरचा पडदा काहीच कामाचा नाही, लग्नाच्या डीजेसारखे मोठे डबे लागतात. हेडफोनला ते जमतं कारण त्याला लाट उठवायचीच नसते. त्याला फक्त बंद डबीतल्या हवेचा दाब कमी-जास्त करायचा असतो. डबी गळकी झाली की हा सगळा फायदा जातो.

भाच्याला चष्मा आहे. चष्म्याची काडी पॅडखालून जाते, आणि काडीच्या वर-खाली दोन बारीक फटी उरतात. कडक, पातळ पॅड असेल तर एवढ्यावर शंभर हर्ट्झच्या खालचे सूर दहा डेसिबलने किंवा त्याहून जास्त पडू शकतात. म्हणजे कानाला ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आल्यासारखे वाटतात. कानावरून जाणारे दाट केस, कानातल्या मोठ्या कुड्या, रुमाल, यांचंही तेच. म्हणून एखाद्याने "याचा बेस दणदणीत आहे" म्हटलं आणि तुम्हाला तो लागला नाही, तर दोघांपैकी कोणी खोटं बोलत नसतं. डोकी वेगळी असतात.

याची चाचणी फुकट आहे. खर्ज असलेलं गाणं लावा आणि दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच कानाकडे दाबा. बेस एकदम वाढला तर पॅड तुमच्या डोक्यावर बसत नाहीये. फारसा फरक पडला नाही तर चांगलं बसलंय. चष्मा असेल तर ही चाचणी चष्मा घालूनच करायची, हे सांगायला नको. पण दुकानात हटकून लोक आधी चष्मा काढतात.

आता वाटीची दुसरी बाजू. पडदा पुढे ढकलतो तसा मागेही ढकलतो. मागच्या बाजूलाही तेवढाच आवाज निघतो, फक्त उलटा. उघड्या पाठीचा हेडफोन तो बाहेर सोडून देतो, त्यामुळे शेजारच्यालाही तुमचं गाणं ऐकू येतं. बंद वाटीत तो कोंडून राहतो, आतल्या भिंतींवर आपटतो आणि पडद्याला मागून ढुशा देतो. उन्हाळ्याच्या तोंडावर आपण माठ घ्यायला जातो तेव्हा टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर पक्का, बदबद वाजला तर कुठेतरी तडा. माठाच्या पोकळीला स्वतःचा एक सूर असतो. तोंडाशी कान नेला तरी तो घुमताना ऐकू येतो. हेडफोनची वाटी हा लहानसा माठच, आणि इथे मात्र खणखणीत वाजणं हा दोष आहे. वाटीने स्वतःचा सूर गाण्यात मिसळायला नको. म्हणून आत स्पंज किंवा नमद्यासारखं कापड भरतात, कुठे सुईच्या टोकाएवढी छिद्रं ठेवतात. स्वस्त मालात कात्री लागते ती बहुधा इथेच, कारण ते बाहेरून दिसत नाही. गाणं बंद करून वाटीच्या पाठीवर नखाने टकटक करा. पोकळ 'टॉक टॉक' आलं आणि रेंगाळलं तर गाण्यातल्या माणसाचा आवाजही विहिरीतून आल्यासारखा लागण्याची शक्यता धरा. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, पण माठ घेताना तरी आपण कुठे प्रयोगशाळा शोधतो?

खोक्यावरचे आकडे थोडक्यात उरकतो, कारण त्यांची लायकी तेवढीच. '२० ते २०,००० हर्ट्झ' हे जवळपास प्रत्येक खोक्यावर असतं. बसच्या पाटीवर 'भुसावळ-धुळे' लिहिलेलं असतं, मधे एरंडोल-पारोळ्याकडे रस्त्याला किती खड्डे आहेत ते पाटी सांगत नाही. दोन्ही टोकांमधे कुठला सूर किती उंच, किती खोल, हेच तर कळायला हवं, आणि तेच लिहिलेलं नसतं. ड्रायव्हर म्हणजे तो आतला पडदा आणि त्याची गुंडाळी; '५० मिलिमीटर ड्रायव्हर' ४० पेक्षा चांगला, असंही नाही. किमतीचं तर त्याहून गमतीचं. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांच्या मोजण्या तपासल्या, आणि सुरांचा समतोल व किंमत यांच्यात काही नातं सापडलं नाही. महागात मिळतं ते बहुधा धातूचं बिजागर, चांगलं कातडं, टिकाऊपणा. तेही कमी नाही, पण 'स्वस्त म्हणजे आवाज वाईटच' हे गणित चुकतं.

आणखी एक गैरसमज, 'सपाट आलेख' चांगला, म्हणजे हेडफोनने सगळे सूर सारख्याच उंचीचे द्यावेत, हा. आपल्या कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, एका टोकाला बंद. तिचा स्वतःचा सूर तीन हजार हर्ट्झच्या जवळ येतो. म्हणजे समोर बसून कोणी बोललं तरी कानाच्या पडद्यापर्यंत पोचताना त्या भागाला कान स्वतःच उठाव देतो. हेडफोन कान झाकून बसतो आणि कानाची ही घडण बिघडवतो, त्यामुळे तो उठाव हेडफोनला जाणूनबुजून द्यावा लागतो. कमी दिला तर बोलणारा तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखा, जास्त दिला तर ओरडल्यासारखा.

ऐकून बघायला मी बाजारातली गाणी लावत नाही. ती आधीच इतकी रंगवलेली असतात की हेडफोनचा रंग कुठला आणि गाण्याचा कुठला, हे कळत नाही. माझ्याकडे श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, घरी बसली त्या रात्रीचं रेकॉर्डिंग आहे, साध्या फोनवर केलेलं. आजी आणि गल्लीतल्या सात-आठ बाया गाताहेत, टाळ्या वाजताहेत, मागे कोणीतरी रोटांच्या परातीचा आवाज करतंय. हे सगळे आवाज मला ओळखीचे आहेत, आणि मुद्दा तोच. आजीचा आवाज कसा आहे हे मला कुठल्याही आलेखाने सांगायची गरज नाही. भाच्याच्या पहिल्या हेडफोनवर बाया एकमेकींत मिसळून एकच गलका झाला होता. शंभर ते अडीचशे हर्ट्झच्या दरम्यान त्याने जो फुगवटा दिला होता, तो नेमका बायकांच्या आवाजाच्या बुंध्यावर चढून बसला होता. दुसऱ्यावर त्यातली आजी कोणती, हे मला कळलं. 'स' आणि 'च' मात्र जरा चरचरत होते. पाच-आठ हजार हर्ट्झमधली ही चरचर दुकानात 'क्लिअर' वाटते आणि तासाभराने डोकं उठवते.

दोन हेडफोनांची तुलना करताना एक फसगत हमखास होते. दोघांची संवेदनक्षमता वेगळी असते, त्यामुळे फोनचा आवाज तोच ठेवला तरी एक मोठा वाजतो. मोठा वाजलेला आपल्याला चांगला वाटतो. यामागे कानाची सवय आहे: हळू आवाजात खर्ज आणि तार सूर कानाला कमी लागतात, आवाज वाढवला की ते भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढून दाखवले होते. म्हणून आधी दोघांवरचं बोलणं सारख्याच उंचीचं लागेल असा आवाज जुळवून घ्यायचा, मग मत द्यायचं. भाच्याला हे पटायला वेळ लागला. जुळवल्यावर पहिल्या हेडफोनची निम्मी भारीगिरी गेली.

आता कूलर. बंद पाठीचा हेडफोन बाहेरचा आवाज अडवतो, हे खरं, पण सगळा सारखा नाही. कूलरच्या जाळीवरून पाणी ठिबकण्याचा बारीक आवाज हेडफोन घातला की नाहीसा होतो. पंख्याच्या मोटरची खर्जातली घरघर जवळपास तशीच आत येते. हलकं प्लास्टिक आणि मऊ पॅड उंच सुरांना वीसेक डेसिबल सहज अडवतात, दोनशे हर्ट्झच्या खाली त्यांचं फार चालत नाही. ती घरघर गाण्याचा खर्ज झाकून टाकते, आणि आपण नकळत आवाज चढवतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी मर्यादा धरते. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. कूलरशी स्पर्धा करत दुपारभर क्लास ऐकणाऱ्या पोराला ही मर्यादा फार लांब नसते. त्याची जागाच मी कूलरसमोरून उचलून दाराशी केली, आवाज आपोआप दोन खुणा उतरला.

राहिली गोष्ट तापलेल्या कानांची. उन्हाळ्यात आपल्याला वाचवतं ते घामाचं वाळणं. बंद वाटीत हवा हलत नाही, थोड्या वेळात तिथली हवा ओलीने भरते आणि घाम वाळायचा थांबतो. त्यात कानाची पाळी आतल्या कापडाला टेकत असेल तर संपलंच. मोठ्या माणसाचा कान साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर उंच असतो. पॅडचं आतलं भोक त्याहून लहान असेल तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, तो हेडफोन कानावर बसतो, कानाभोवती नाही. कूर्चेवर दाब आला की अर्ध्या तासात दुखायला लागतं. डोक्यावरची पट्टी टाळूला एकाच जागी टेकते का, तेही बघायचं. अडीचशे ग्रॅम वजन मोठ्या जागेवर पसरलं तर कळत नाही, एका बोटाएवढ्या जागेवर आलं तर कळतं. पकड जास्त असेल आणि पट्टीत पोलादी पत्रा असेल, तर रात्रभर लाडवाच्या डब्यावर ताणून ठेवावा, सैल होतो. पट्टी नुसत्या प्लास्टिकची असेल तर मात्र हा उद्योग करू नये. मी केला होता, सकाळी डब्यावर दोन तुकडे मिळाले.

पॅडचं 'लेदर' बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा मुलामा दिलेलं कापड असतं. घामातलं पाणी आणि उष्णता मिळून त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. आपल्याकडे दोन उन्हाळे गेले की काळे पापुद्रे निघून मानेला चिकटायला लागतात. रोज वापर झाल्यावर सुक्या कापडाने पुसलं तर जास्त टिकतं. मी एकदा वैतागून मखमली कापडाचे पॅड बसवले. कान गार राहिले. पण कापडातून हवा जाते, त्यामुळे बेस एप्रिलमधल्या गिरणा नदीसारखा आटला. पॅड बदलला की हेडफोन बदलतो, हे तेव्हा पैसे घालवून कळलं. आता मी उन्हाळ्यात लेदरचेच ठेवतो आणि दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं काढून ठेवतो. 'आठवडाभर वाजवला की आवाज खुलतो' असं काही जण सांगतात. खुलतो तो बहुधा दबून डोक्याचा आकार घेतलेला पॅड, आणि सवय झालेला आपला कान.

भाच्याने दुसरा ठेवला. दुकानदार म्हणाला, पहिल्यावर बेस जास्त आहे, पोरं तोच नेतात. भाचा चष्मा सावरत म्हणाला, "जानेवारीत नेत असतील."