पिठाच्या काट्यावर पॉमेरेनियन

केकसाठी घेतलेला डिजिटल काटा आमच्याकडे वर्षभर कुत्र्याच्याच कामी आला. काट्यावर स्टीलचं पातेलं, पातेल्यात जुना टॉवेल आणि टॉवेलवर गामा. (नाव धाकट्याने ठेवलं. पैलवानाचं वजन तेव्हा पाऊण किलो होतं.) दर रविवारी सकाळी, खायला घालण्याआधी. पिल्लू काही स्वस्थ बसत नाही, आकडा नाचत राहतो. म्हणून तीनदा मोजायचं आणि मधला आकडा फ्रिजवरच्या कागदावर टिपायचा. आजोबांचं म्हणणं होतं, पिल्लाला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहावं आणि आपलं वजन वजा करावं. लॅब्रॅडॉरला हे चालतं. पण तो काटा शंभर-दोनशे ग्रॅम सहज इकडेतिकडे करतो आणि या पिल्लाची आठवड्याची सगळी वाढच शंभरेक ग्रॅमची. ती त्या चुकीतच गडप होणार.

पॉमेरेनियनचं पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण १०० ते १५० ग्रॅमचं असतं, एखाद्या संत्र्याएवढं. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकानुसार पूर्ण वाढीचा पॉमेरेनियन ३ ते ७ पौंडांचा, म्हणजे दीड ते सव्वातीन किलोंच्या आसपास. जन्माच्या वजनाच्या वीसेक पट झाला की त्याचं काम संपलं. धिप्पाड ग्रेट डेनच्या पिल्लाला शंभरेक पट वाढायचं असतं आणि त्यासाठी दीड-दोन वर्षं लागतात. आपलं चिमुकलं तीन-चार महिन्यांतच निम्मं वजन गाठतं आणि आठ-दहा महिन्यांत वाढ आटोपतं. लहान कुत्रा हळूहळू वाढत असेल असं वाटतं खरं, पण तो घाईघाईने वाढतो आणि लवकर थांबतो. म्हणूनच या पहिल्या काही महिन्यांत एखादा आठवडा जरी हातचा गेला तरी त्याची किंमत मोठी असते.

लहान कुत्रा लवकर का थांबतो, याचं उत्तर बरंचसं एका जनुकाजवळ आहे. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या इलेन ऑस्ट्रँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की लहान जातींच्या कुत्र्यांत ‘आयजीएफ-१’ या वाढीच्या संप्रेरकाच्या जनुकाचं एक ठरावीक रूप फार मोठ्या प्रमाणात आढळतं. हे संप्रेरक कमी, तर शरीर लहान. आकार ठरवणारी इतरही जनुकं आहेत, पण इतका मोठा वाटा एकट्या जनुकाने उचलावा हे विरळाच. माणसाच्या उंचीत शेकडो जनुकं चिमूट-चिमूट हातभार लावतात.

तेव्हा सगळ्यांना वाटलं, माणसाने कुत्रा माणसाळवल्यावर कधीतरी हा बदल झाला असेल आणि आपण तो हौसेने जपला असेल. २०२२ मध्ये याच गटाने नेमका बदल शोधून काढला आणि गोष्ट उलटी निघाली. सायबेरियात सापडलेल्या सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही ते ‘लहान’ रूप होतं! कोल्हा आणि कायोटी या भाऊबंदांतही तेच आहे. म्हणजे लहानपण आधीचं. लांडग्यांत ते जवळजवळ पुसलं गेलं होतं, माणसाने त्याला पुन्हा वर काढलं. सोफ्यावरचा तो कापसाचा गोळा पाहून लांडगा आठवत नाही, पण नातं आहे ते असं.

वर काढण्याचा वेग मात्र अलीकडचा. बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनिया प्रांतावरून नाव मिळालेले हे कुत्रे पूर्वी चांगले दांडगे असत. व्हिक्टोरिया राणीने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून आणलेला तिचा लाडका मार्को त्या मानाने छोटा म्हणून गाजला. तरी तो साडेपाच किलोंच्या आसपास होता. आजच्या मानकात त्याला कुणी उभं केलं नसतं.

आता ‘पॉम’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांतून भुंकणारे पांढरेशुभ्र ‘पॉम’ बहुतेक वेळा पॉमेरेनियन नसतात. ते इंडियन स्पिट्झ असतात, सहा-सात किलो आणि त्यापुढचे. घरच्यांनी इंटरनेटवर पॉमेरेनियनच्या वजनाचा तक्ता उघडला की त्यांचा धडधाकट कुत्रा लठ्ठ ठरतो आणि बिचाऱ्याचं खाणं कापलं जातं. जातीच्या नावावर विसंबलं की असं होतं.

यावर चांगला उतारा म्हणजे इंग्लंडच्या वॉल्थम संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले वाढीचे आलेख. बाळाच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत असतात तशाच त्या वक्ररेषा. ते जातीनुसार नाहीत, मोठेपणी अपेक्षित असलेल्या वजनानुसार आहेत आणि नर-मादीचे वेगळे. सगळ्यात खालचा गट साडेसहा किलोंच्या आतला. बाराव्या आठवड्यापासून सुरुवात करायची. पिल्लू वरच्या रेषेवर आहे की खालच्या, याला फारसं महत्त्व नाही. ते आपल्याच रेषेला धरून चाललंय ना, एवढं बघायचं. दोन रेषा ओलांडून वर गेलं किंवा खाली घसरलं, तर डॉक्टरांकडे जायचं. आम्हाला पिल्लू देणाऱ्याने ‘बारा आठवड्यांचं वजन दुप्पट करा, झाला हिशेब’ असं सूत्र ऐकवलं होतं. अंदाजाला ठीक आहे. पण त्या सूत्रावर खाणं ठरवणं म्हणजे पत्रिका बघून शाळेचा गणवेश शिवणं.

खाण्याचं गणित इथे फार वेगळं आहे. प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार ती वजनाच्या पाऊण (०.७५) घातांकाने वाढते. दोन किलोंच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला सुमारे १२० कॅलरी लागतात, बत्तीस किलोंच्या कुत्र्याला सुमारे ९४०. वजन सोळापट, गरज फक्त आठपट. किलोमागे पाहिलं तर धाकटा दुप्पट जाळतो. त्यातून वाढतं पिल्लू असेल तर गरज पडून राहण्याच्या दुप्पट-तिप्पट.

आणि साठवायला जागा कुठे आहे? यकृत इवलंसं, त्यात साखरेचा साठा थोडका, अंगावर चरबी नाही, उष्णता मात्र भराभर निघून जाते. म्हणून तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं-थोडं खाऊ घालायचं. दोन खाणी चुकली, प्रवास झाला, थंडी वाजली की रक्तातली साखर कोसळू शकते. पिल्लू झोपाळतं, लटपटतं, थरथरतं, कधी झटका येतो. घरी मध किंवा साखरेचं दाट पाणी हाताशी असावं. ते बोटाने हिरड्यांना चोळायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं.

पाच आठवड्यांचं पिल्लू ‘टीकप’ म्हणून खपवणाऱ्यांपासून दूर राहायचं तेही याचसाठी. ‘टीकप’ ही जात नाहीच. एक तर वयाने कोवळं किंवा पोटात नीट न वाढलेलं पिल्लू असतं. आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही.

मोठेपणी प्रश्न उलटा होतो. अडीच किलोंच्या कुत्र्याला चहाबरोबर एक ग्लुकोज बिस्किट दिलं तर दिवसाच्या गरजेचा दहावा हिस्सा त्यातच गेला. आपल्या हिशेबाने ती आठ-दहा बिस्किटं झाली. आमच्याकडे चहाला चार माणसं असतात. पुढचं सांगायला नको.

काट्यावर न दिसणारी वाढही असते. चौथ्या महिन्यात २८ दुधाचे दात पडू लागतात आणि सातव्यापर्यंत ४२ कायमचे येतात. या छोट्या जबड्यांत दुधाचे सुळे हट्टाने टिकून राहतात, नवा सुळा शेजारी उगवतो आणि दोघांमध्ये अन्न कुजतं. गामाचे दोन काढावे लागले. पुढच्या पायांची हाडं पेन्सिलीपेक्षा बारीक. सोफ्यावरून उडी मारून मनगटाच्या वर मोडलेला पाय हा या जातींचा नेहमीचा अपघात आणि तिथे रक्तपुरवठा तोकडा असल्याने हाड जुळायलाही कुरकुरतं. सोफ्याजवळ गादी टाकून ठेवणं सगळ्यात स्वस्त. मागचा पाय दोन पावलं उचलून धरून पुन्हा नीट चालायला लागला तर गुडघ्याची वाटी सरकते का, हे तपासून घ्यायचं. गळ्यात पट्टा नको, छातीवरचा हार्नेस बरा, कारण यांची श्वासनलिका नाजूक असते.

मधल्या काळात कुत्रा कुरूपही होतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात पिल्लाची लव झडली आणि आमचा कापसाचा गोळा निम्मा सोललेल्या नारळासारखा दिसू लागला. आजोबांना वाटलं खरूज झाली. रेषा मात्र सरळ चालली होती, भूक होती, दंगा होता.

नवव्या महिन्यापासून फ्रिजवरचा आकडा २ किलो ४०० च्या आसपास घुटमळू लागला. चार रविवार तेच. मग कागदावरची जागाही संपली. काटा घासूनपुसून मैद्याला परत दिला, तरी रविवारी सकाळी तो ओट्यावर दिसला की गामा अजून पातेल्याकडे बघत बसतो. वजनानंतर त्याला खायला मिळायचं ना.