रेडिओ दुरुस्त केला की पूर्ववत केला?

व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, जुना रेडिओ पुन्हा वाजू लागला की आपण सरसकट ‘दुरुस्त झाला’ म्हणतो. पण दुरुस्ती वेगळी आणि कारखान्यातून आला तसा पूर्ववत करणं वेगळं. लोकांनी कालबाह्य यंत्रं कशी चालती ठेवली याचा अभ्यास करायचा असेल, तर हा फरक कळीचा आहे.

एसी आणि डीसी दोन्ही विजेवर चालणारा एसी-डीसी सेट घ्या. त्यातल्या यू मालिकेच्या व्हॉल्व्हची फिलामेंट्स (आतल्या तापणाऱ्या तारा) सिरीजमध्ये, एकामागे एक जोडलेली असतात, एक गेलं की सगळी विझतात. यूवाय ८५ हा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) गेला आणि बाजारात मिळेना, तर मेकॅनिक गप्प बसत नसे. त्याच्या फिलामेंटला ३८ व्होल्ट, १०० मिलिअँपिअर लागतात, म्हणून साखळी पुरी करायला तिथे साधारण ३८० ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टन्स. रेक्टिफायरचं काम बीवाय १२७ डायोडकडे. डायोडमध्ये व्होल्टेज फारसं पडत नाही, त्यामुळे पुढचं व्होल्टेज चढू नये म्हणून आणखी एक छोटा रेझिस्टन्स. चॅसी, म्हणजे सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, उलटी केली की हा सगळा हिशोब सोल्डरमध्ये लिहिलेला दिसतो. (प्लग काढूनच उलटी करा, या सेटची चॅसी थेट मेन्सला जोडलेली असते.)

पूर्ववत करणारा नेमकं हेच उपटतो. यूवाय ८५ शोधून आणतो, जुना पेपर कंडेन्सर पोखरून आत नवा बसवतो आणि टोकं मेणाने बंद करतो. हातात कसब लागतं आणि मला त्याचा आदर आहे. काही बदल तर दोघांनाही चुकत नाहीत: आउटपुट व्हॉल्व्हकडे सिग्नल नेणारा पण डीसी अडवणारा कपलिंग कंडेन्सर गळका झाला की तो व्हॉल्व्ह तापून मरतो, म्हणून हा कंडेन्सर बदलावाच लागतो. पण पूर्ववत सेट कारखान्याबद्दल सांगतो, नंतरच्या मेकॅनिकबद्दल काहीच नाही.

१९८० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्सच्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. मॅन्युअलमध्ये नसलेलं ज्ञान ती माणसं किस्से सांगत एकमेकांना देत होती. आपल्याकडे व्हॉल्व्हवर काम केलेले मेकॅनिक आता थोडेच उरलेत. त्यांना गाठून विचारा. जिथे ते नाहीत, तिथे चॅसीखालचे जोड हीच नोंद.

म्हणून सेट पूर्ववत करायचाच असेल, तर आधी खालच्या बाजूचे फोटो काढा आणि काढलेला डायोड, रेझिस्टन्स चिठ्ठी लावून त्याच कॅबिनेटमध्ये ठेवा.