हाइटमॅप आयात : नाशिक परिसर

जमिनीच्या उंचीची प्रत्यक्ष मोजमापे वर्ल्ड मशीन, अनरिअल, युनिटी अशा त्रिमितीय देखावे आणि गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन भूरूप उभे करण्याची पद्धत. उंची करड्या छटांच्या चित्रात, म्हणजे हाइटमॅपमध्ये, साठवतात. काळा भाग सखल, पांढरा उंच.

नाशिकसाठी सर्वांत सोयीचा डेटा एसआरटीएमचा, म्हणजे नासाच्या शटल रडार टोपोग्राफी मिशनचा. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानावरील रडारने तो गोळा केला. बिंदूंमधले अंतर एक आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग), सुमारे ३० मीटर. एका टाइलमध्ये, म्हणजे एक अंश लांबी-रुंदीच्या तुकड्यात, ३६०१ × ३६०१ बिंदू. २० अंश उत्तर अक्षांश शहरातूनच जातो, त्यामुळे रामकुंड एन२०ई०७३ टाइलमध्ये, तर पांडवलेणी आणि त्र्यंबकेश्वर एन१९ई०७३ मध्ये येतात. दोन्ही टाइल आधी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाव्यात. वेगवेगळ्या निर्यात केल्या तर प्रत्येकीचे किमान-कमाल वेगळे धरले जाते आणि शहराच्या मधोमध भिंत उभी राहते. इस्रोचा कार्टोडेम हा उंचीचा डेटा भुवन या संकेतस्थळावर मिळतो, पण त्यातली उंची विवृत्ताभापासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून) मोजलेली आहे, एसआरटीएमसारखी समुद्रसपाटीपासून नव्हे. दोन्हींत काही दशक मीटरांचा फरक पडतो, म्हणून त्यांची सरमिसळ करू नये.

जोडलेले रास्टर (उंचीच्या बिंदूंची जाळी) यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपात ३० मीटरच्या जाळीवर आणावे. अंशांतच ठेवले तर पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ६ टक्के ताणले जाते, कारण या अक्षांशावर रेखांशाचा आर्कसेकंद २९ मीटरच भरतो. पुनर्नमुन्यासाठी, म्हणजे नव्या जाळीवरची उंची काढण्यासाठी, आजूबाजूच्या बिंदूंवरून हिशोब करणारी क्युबिक किंवा बायलिनियर पद्धत निवडावी. फक्त जवळचा बिंदू उचलणाऱ्या ‘निअरेस्ट’ने उतारावर पट्टे उमटतात. रिकाम्या जागांचे -३२७६८ हे मूल्य आधी भरून काढावे. ते राहिले तर सॉफ्टवेअर त्यालाच तळ मानते आणि ब्रह्मगिरीसकट सगळे सपाट होते.

निर्यात १६ बिटचीच हवी. ९०० मीटरचा चढउतार ८ बिटच्या २५६ पातळ्यांत बसवला तर साडेतीन मीटरच्या पायऱ्या पडतात, १६ बिटमध्ये जेमतेम दीड सेंटिमीटरच्या. नाशिक-त्र्यंबक पट्ट्यासाठी ५०० मीटर = ० आणि १४०० मीटर = ६५५३५ असे हाताने ठरवून कागदावर टिपावे, कारण पीएनजी फाइलला मीटर कळत नाहीत. अनरिअलमध्ये १००९ × १००९ बिंदूंचा तुकडा ३०.२४ किलोमीटरचा होतो : आडवे प्रमाण ३००० (१०० म्हणजे बिंदूंमध्ये १ मीटर), उभे १७५.७८ (१०० म्हणजे एकूण ५१२ मीटरचा चढउतार, या हिशोबाने). तिथे मधली छटा शून्यावर धरली जाते, म्हणून खरी उंची हवी असल्यास भूरूप ९५० मीटर वर उचलावे. युनिटीला रॉ फाइल (नुसत्या आकड्यांची, मथळ्याविना) आणि ५१३, १०२५, २०४९ असे आकार लागतात. बाइटचा क्रम चुकला की जमिनीऐवजी काट्यांचे रान उगवते.

सह्याद्रीची खरी अडचण कातळकड्यांची. ३० मीटर अंतरावरच्या दोन बिंदूंमध्ये ६० मीटरचा उभा कडा असला तरी उतार ६३ अंशांचाच येतो. हरिहर, अंजनेरी त्यामुळे टेकाडासारखे बोथट दिसतात. उभे प्रमाण दीडपट करून भागत नाही. कडा जरासा चढतो, गंगापूर रस्त्याकडची सपाटी मात्र उगाच डोंगराळ होते. बेसॉल्टचे थर दाखवायला टेरेस किंवा स्ट्रॅटा नोड (सॉफ्टवेअरमधली पायऱ्या किंवा थर पाडणारी क्रिया) फक्त तीव्र उतारांवर, बाकी भाग झाकणारा मुखवटा (मास्क) लावून वापरावा. झीज दाखवणारा इरोजन नोड जपून वापरावा, कारण ही जमीन आधीच झिजलेली आहे. गंगापूर धरणाच्या जागी मिळते ती पाण्याची पातळी, तळ नव्हे. जलाशय खोल हवा असेल तर तो हाताने खोदावा लागतो.