लाभशास्ती, दीर्घ मुदतीची (ब्रिटन)

बेकारभत्ता किंवा तत्सम सरकारी लाभ घेणाऱ्याने अट मोडल्यास लाभ काही काळ रोखण्याच्या कारवाईस ब्रिटनमध्ये ‘सँक्शन’ म्हणतात. मराठीत तिला लाभशास्ती म्हणता येईल.

प्रथेचा उगम कोठे धरावा, याविषयी मतभेद आहेत. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानुसार सबळ कारणाविना नोकरी सोडणाऱ्यास अथवा गैरवर्तनामुळे ती गमावणाऱ्यास ६ आठवडे भत्ता मिळत नसे. ही मुदत १९८६ मध्ये १३ व १९८८ मध्ये २६ आठवड्यांवर गेली. काहीजण मात्र १९९६ पासून लागू झालेल्या ‘जॉबसीकर्स अलाउन्स’ला (काम शोधणाऱ्या बेकारांचा भत्ता) आरंभ मानतात. भत्ता रोखण्याचे तत्त्व १९११ च्या कायद्यातच असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. वर्षांच्या हिशेबातील शास्ती मात्र ऑक्टोबर २०१२ ची : गंभीर कसुरीस १३, वर्षभरात पुन्हा घडल्यास २६ व तिसऱ्यांदा १५६ आठवडे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तीन वर्षांची शास्ती रद्द होऊन एका कसुरीची कमाल २६ आठवड्यांवर आली. तथापि ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मध्ये (बेकारभत्ता, घरभाडे इत्यादी लाभ एकत्र करणाऱ्या योजनेत) एक शास्ती संपली की पुढची सुरू होते. २६ आठवड्यांच्या तीन शास्ती लागल्या, तर प्रमाणित भत्त्याविना, म्हणजे निर्वाहाच्या मूळ रकमेविना, दीड वर्ष काढावे लागते. घरभाड्याचा भाग शाबूत राहतो, पण त्यातून किराणा येत नाही.

आकडेवारीत ही दीड वर्षे सहज हरवतात. निर्णय मोजले तर ती तीन नोंदी ठरतात. मासिक दर काढला तर प्रत्येक महिन्यात एक माणूस दिसतो, तो किती महिन्यांपासून तेथे आहे हे कळत नाही. केवळ पूर्ण झालेल्या शास्तींचा कालावधी मोजल्यास चालू असलेल्या सर्वांत लांब शास्ती गणतीबाहेर राहतात, आणि मध्यक घेतल्यावर उरलेल्याही झाकल्या जातात. जॉबसीकर्स अलाउन्सच्या तक्त्यांत तर अपिलात शास्ती रद्द झाली की नव्या निर्णयाने मूळ निर्णय पुसला जाई. पैसे परत मिळेपर्यंत त्या घराने काढलेले आठवडे कोणत्याच रकान्यात उरत नसत. ग्लासगो विद्यापीठाचे डेव्हिड वेबस्टर यांनी हा दोष सातत्याने मांडला. २०१५ मध्ये सांख्यिकी प्राधिकरणानेही सुधारणा सुचवल्या. वेबस्टर यांचा आक्षेप योग्यच होता.

परिणामांविषयी हे लाभ देणाऱ्या काम व निवृत्तिवेतन खात्याने स्वतः केलेला अभ्यास दीर्घकाळ अप्रकाशित राहून एप्रिल २०२३ मध्ये बाहेर आला. त्यानुसार शास्ती झालेल्यांना पगारी कामाला लागण्यास अधिक वेळ लागतो आणि त्यांची कमाईही कमी राहते.